बिनटोकाचा चाकू

आपांनी ओली दोरी स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळली, हात माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटा आणि कापा."

माझ्या हातात साहेबांचा विलायती चाकू होता. शिंगाची मूठ, चकचकीत पातं, टोक सुईसारखं. मी डोळे मिटले. बोटांनी दोरी चाचपली. दोरीच्या कडेला त्यांची नाडी लागत होती. मी डोळे उघडले आणि चाकू खाली ठेवला.

"ह्या चाकूनं माझ्याच्यानं होणार नाही," मी म्हणालो.

"मग पाण्याखाली कसं होईल?"

आपा म्हणजे आमच्या इंजिनिअर साहेबांची थोरली बहीण. हैदराबादेत मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. सुट्टीत भावाकडं नळदुर्गच्या कॅम्पवर आल्या होत्या. बोलायच्या उर्दूत, मी ते इथं मराठीत सांगतोय.

निजामाचं राज्य होतं. मी ओव्हरसियर होतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या मागं साचलेल्या पाण्यात गाळ किती, ते मोजायचं काम आमच्याकडं आलं होतं. ह्या कामाला साउंडिंग म्हणतात. नावेतून दोरी सोडायची, तिच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा तळाला टेकला की दोरीवरची खूण वाचायची. नाव पुढं न्यायची, पुन्हा गोळा सोडायचा. एवढंच.

लढाईचे दिवस होते, मोटरबोटीला पेट्रोल कुठलं? साहेबांनी हैदराबादहून स्वतःची लहान शिडाची नाव आणवली. कागदोपत्री कारण पेट्रोलचं. खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना वाऱ्यावर नाव सोडायचं वेड होतं.

ते वेड मलाही लागलं. मी धाराशिवचा. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारं, पोहरा बुडवून ओढून काढायचं. पोहायलाही मी विहिरीतच शिकलो. आणि इथं मी पाण्याच्या पाठीवर बसून चाललो होतो, काही आवाज न करता. शीड फुगायचं, नाव थोडी कलायची, आणि तटाचे काळे दगड आपल्या जागेवरून सरकू लागायचे. हिवाळ्यातलं ऊन पाण्यावर पडून तटावर जायचं आणि दगड पाण्यासारखे हलायचे. कधीकधी गोळा तळाला टेकलेला असायचा, दोरी हातात असायची, आणि खूण वाचायची आठवणच राहायची नाही. साहेब सुकाणूवर. तेही तटाकडं बघत. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "ओव्हरसियर साहेब, नोंद करायची का?"

शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते. ती एका दोरीनं ताब्यात ठेवतात. वारा वाढला की दोरी सैल सोडायची, कमी झाला की ओढायची. ओढलेली दोरी नावेच्या तळात पायाशी पडते. नाव उलटली आणि पाय त्या वेढ्यात असला, तर माणूस नावेला बांधलेला राहतो. ओल्या दोरीची ओढलेली गाठ हातानं सुटत नाही. म्हणून चाकू.

आपा काठावर छत्री घेऊन बसायच्या. पाण्याजवळ यायच्या नाहीत. आल्या दिवशीच त्यांनी चाकू कुठं आहे म्हणून विचारलं होतं. साहेबांनी हसून नावेतली पेटी दाखवली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी ही मनगटाची परीक्षा घेतली. मी चाकू खाली ठेवल्यावर दोरी सोडता सोडता त्यांनी सांगितलं, की त्यांचा धाकटा भाऊ तलावात असाच गेला. साहेबांच्याही पाठचा. दोरी पायात होती.

"चाकू नावेतच होता," त्या म्हणाल्या. "पेटीत. मिटलेला."

मी त्यांना विचारलं, दुसरा चाकू शोधायला मला थोडी मुदत द्याल का?

नाव सांभाळायला सिद्राम होता, अणदूरचा. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. त्याला बरोबर घेऊन मी बाजारात मिळतील ते चाकू जमवले. काठावर एक खांब रोवला, त्याला भिजवलेली दोरी बांधली, हात बादलीत बुडवून एकेका चाकूनं कापून बघितली. चांभाराची रापी धारेला उत्तम, पण ओल्या दोरीवर घसरायची. स्वयंपाकातली सुरी वाकायची. साहेबांचा विलायती चाकू तर ओल्या बोटांनी उघडेचना. पात्याच्या खाचेत नख ठरत नव्हतं. शेवटी सिद्रामनं गवत कापायचा दात्यांचा विळा आणला.

"ह्यो बगा," तो म्हणाला. "ह्यो घसरत न्हाय, धरतोय."

खरंच धरत होता. दाते दोरीत रुतायचे आणि ओढलं की धागे तुटत जायचे. पण विळ्याचं वाकडं टोक बघून मला पुन्हा ते मनगट आठवायचं. आम्ही मोडका विळा घेऊन लोहाराकडं गेलो. विळा तापवून सरळ करायचा, लहान करायचा, दाते ठेवायचे आणि टोक घासून गोल करायचं, असं सांगितलं. लोहारानं माझ्याकडं बघितलं. टोक मोडलं म्हणून लोक त्याच्याकडं येत. टोक काढा म्हणून कुणी आलं नव्हतं. मुठीवर सुतळी आवळून घेतली, म्हणजे ओल्या हातातून निसटू नये. चाकू मिटता ठेवला नाही. चांभाराकडून म्यान शिवून घेतलं. मुठीला एक दोरी, ती कमरेला. हात पूर्ण लांब करता येईल इतकी. असे दोन चाकू केले.

साहेबांना ते पसंत पडले नाहीत.

"शिडाखाली अडकलो तर?" त्यांनी विचारलं. "कापड फाडायला टोक लागतं."

मुद्दा बरोबर होता. मी त्यावर रात्रभर विचार केला होता. म्हणालो, शीड हातानं उचलून धरता येतं, खाली हवा मिळते. पायाला आवळलेली दोरी उचलता येत नाही. आणि गढूळ पाण्यात, धडपडणाऱ्या माणसाच्या अंगाजवळ टोक न्यायला हात धजत नाही. हात धजला नाही तर चाकू असून काय उपयोग?

आपा ऐकत होत्या. त्यांनी पुन्हा दोरी गुंडाळली आणि हात पुढं केला. ह्या वेळी मी डोळे मिटले, गोल टोक दोरीखाली सरकवलं, पातं दोरीकडं वळवलं आणि ओढलं. दोरी तुटली. मनगटावर ओरखडा नव्हता.

साहेबांनी चाकू कमरेला बांधला. बहिणीसाठी. विलायती चाकू मात्र सोडला नाही, तो पेटीतून खिशात आला.

पुढच्या आठवड्यातली दुपार. वारा मंद होता, पाणी काचेसारखं. आम्ही बुरुजाच्या आडोशानं चाललो होतो आणि मी अर्धवट गुंगीत होतो. बुरुजाचा कोपरा संपला आणि पलीकडचा वारा एकदम शिडावर आला. आडवी काठी माझ्या डोक्यावरून गेली. मग आकाश बाजूला झालं.

पाण्याखाली हिरवट उजेड होता आणि इतकी शांतता, की क्षणभर मला काही करावंसंच वाटलं नाही. वर आलो तेव्हा नाव आडवी पडलेली. साहेब दिसले, बोलायला तोंड उघडलं, आणि खाली ओढले गेले. पुन्हा वर आले, पुन्हा गेले. सिद्राम काठावरून पाण्यात उतरला होता, पण तो लांब होता.

मी बुडी मारली. दिसत काही नव्हतं. साहेबांची कंबर, मग मांडी, मग बूट हाताला लागला. बुटाच्या वर दोरी, मोज्यात रुतलेली. ते लाथा झाडत होते. एक लाथ माझ्या खांद्याला लागली. मी चाकू उपसला. गोल टोक मोजा आणि दोरी यांच्यामध्ये घुसवलं, हात वळवला, ओढला. दाते लागल्याचं हाताला कळलं. पुन्हा ओढलं. पाय सुटून वर गेला.

सिद्रामनं दोघांना उलट्या नावेला धरून ठेवलं आणि ती ढकलत काठाला आणली.

साहेब बराच वेळ खोकत होते. श्वास आल्यावर म्हणाले, की त्यांनी आधी खिशातला चाकू काढला. सवयीनं. तो उघडेना, आणि हातातून गेला. कमरेच्या चाकूची आठवण झाली तेव्हा हातात ताकद उरली नव्हती.

आपांनी त्यांचा बूट काढला, मोजा उतरवला. घोट्याभोवती लाल वळ होता, कातडी शाबूत. त्या तो पाय मांडीवर घेऊन बसून राहिल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मावळतीचं ऊन पाण्यावरून येऊन त्यांच्या पांढऱ्या साडीवर हलत होतं.

दोन दिवसांनी नाव कोरडी झाली. आम्ही नवी दोरी ओवत होतो, तेव्हा आपा काठ उतरून आल्या. चपला काढून हातात घेतल्या आणि सिद्रामला म्हणाल्या, "मला बसायचंय." साहेबांनी हात दिला. त्या पलीकडच्या तटापर्यंत जाऊन आल्या. सगळा वेळ त्यांचा एक हात पाण्यात होता. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, की धाकट्याला हे का आवडायचं ते आज कळलं.

गाळाचं काम उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण झालं. साहेबांची बदली झाली, नाव हैदराबादला गेली.

नावेसाठी चाकू कसा घ्यावा, असं मला पुढं नोकरीत अधूनमधून कुणी विचारायचं. मी सांगायचो: दात्यांची धार, गोल टोक, न मिटणारा, आणि अंगाला बांधलेला. मूठ शिंगाची घ्या नाहीतर बाभळीची, ती हौसेची बाब आहे.