सातशे मिलिसेकंद

"बाई, ते टेबलावर नका ठेवू. लॅपटॉप आहेत इथं. खाली ठेवा."

क्लब चालवणाऱ्या सरांचं पयलं वाक्य हे. नाव इचारलं न्हाय, काय आणलंय ते इचारलं न्हाय. सोलापुरात नवी पेठेच्या मागं एका हॉलमदी दर रविवारी हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा क्लब भरतो. दारावर लिवलंय, सर्वांसाठी खुला. मी कुंभारीवरनं दोन रिक्षा बदलून गेलते. आन् माझं यंत्र मी फरशीवर ठेवलं. ठेवलं की! त्याचा राग अजून येतो, माझा मलाच.

भवानी पेठेतल्या कारखान्यात मी कांड्या भरते. कांडी म्हंजे मागाच्या धोट्यात बसती ती सुताची नळी. कांडी जिच्यावर फिरती ती सळई म्हंजे चाती, अशा बारा चात्या एकट्या बाईकडं. एकीवरचं सूत तुटलं तर ध्यानात येत न्हाय, चाती रिकामीच गरगर फिरती, मग मुकादम आयमाय काढतो. म्हणून मी सुतावर तारेचा हलका हूक टांगला. सूत तुटलं की हूक खालच्या पट्टीवर पडतो, काड्यापेटीएवढ्या बोर्डाला ते कळतं, घंटी वाजती.

प्रोग्रॅम एआयला इचारून केला. माझ्या बोलीत. "सूत तुटलं की घंटी वाजव," येवढंच लिवलं, त्यानं ओळी दिल्या. पर नुसती गाठ गेली तरी घंटी वाजायची. तुटलेलं सूत आमी गाठ मारून जोडतो. गाठ जाताना हूक उडतो, पट्टीला टेकतो, परत वर जातो. एआयला ह्ये कुटनं ठावं असणार, त्यानं कधी सूत धरलंय? त्यानं हूक टेकल्यावर पन्नास मिलिसेकंद थांबून मग घंटी वाजवायला लावलं. मी आठ दिस जेवणाच्या सुट्टीत चातीपाशी बसून आकडा वाढवत गेले. सातशेला गाठ गप झाली.

क्लबच्या सरांनी माझी फाइल त्यांच्या लॅपटॉपवर घेतली.

"हा कोड तुम्ही लिहिलात?"

"व्हय. एआयला इचारून."

सगळा हॉल हसला. सर बी हसले. "मग एआयनं केला म्हणा की. कॉपी मारली म्हणजे प्रोग्रॅमिंग येत नाही."

कानशिलं तापली माझी. सरांच्या एडिटरमदी राखाडी ओळी आपोआप उमटत व्हत्या. तो बी एआयच. सर नुसतं टॅब दाबत व्हते. टॅब. टॅब. टॅब. त्यांनी दाबलं की हुशारी, मी इचारलं की कॉपी. वा रे न्याय!

"आमचं प्रदर्शन भरणार आहे, त्यात ठेवू," सर म्हणाले. "क्लबच्या नावानं. कोड मी नीट करतो." आन् राखाडी ओळीवर टॅब दाबून सातशे पुसून पन्नास केले. मला न इचारता.

"सर, ते ऱ्हाऊ द्या. गाठ जाती तवा—"

"प्रोग्रॅममध्ये गाठ कसली, बाई?"

त्यांनी तो कोड बोर्डात चढवला. मी पिशवीतलं गाठींचं सूत काढून हुकाखालनं ओढलं. गाठ आली, घंटी वाजली. दुसरी गाठ, परत घंटी.

सर म्हणाले, "तुमचं सूतच खराब आहे."

सूत खराब! सोलापुरात ऱ्हातो ह्यो माणूस. सकाळी ज्या टॉवेलानं तोंड पुसलं, त्यात आमच्यासारख्या बायकांच्या बोटांनी मारलेल्या गाठी हायत. त्यो आम्हाला सूत शिकवणार?

मी यंत्र फरशीवरनं उचललं आन् टेबलावर ठेवलं, त्यांच्या लॅपटॉपला खेटून. लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पन्नास पुसले, सातशे लिवले, बोर्डात चढवले. सूत ओढलं. चार गाठी गेल्या, घंटी गप. मग सूत दातानं तोडलं. घंटी वाजली.

"ह्ये सातशे मला एआयनं सांगितले न्हायत," मी म्हणले. "मी त्याला सांगितले. प्रदर्शनात ठेवायचं तर माझ्या नावानं."

"प्रदर्शन क्लबचं आहे," सर म्हणाले. "तसा नियम नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या लॅपटॉपवरनं माझी फाइल पुसली, यंत्र पिशवीत घातलं, निघाले.

प्रदर्शन झालं. माझं यंत्र तितं न्हवतं. ते माझ्या बारा चात्यांवर हाय. शेजारची बाई म्हणाली मला बी शिकीव, तर तिला शिकवतीया. फाइलीच्या पयल्या ओळीत आपलं नाव लिवायचं, हा तिचा पयला धडा.

त्या क्लबात मी परत जाणार हाय. दारावर सर्वांसाठी लिवलंय नव्हं? जाणार, आन् आधी यंत्र टेबलावर ठेवणार, मग तोंड उघडणार. खाली ठेवा म्हणणाऱ्यानं आधी माझा टेबलावरचा हात हलवून दावावा.