कोपऱ्यातलं पाणी

चिमूटभर कोंडा काचेच्या टाकीत टाकायचा, कंबरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचं, "थांबा सर, पानी काय म्हणते ते पाहू द्या." आमच्या लाखनीच्या शाळेतल्या शिपाईमामांची ही रोजची तऱ्हा. कोंडा जिथे जमला, तिथे पाणी अडलं. मग मामा तिथला दगड बोटभर सरकवायचे.

यात हेवा करण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी बी.एस्सी. झालेला विज्ञान शिक्षक. सन ऐंशीच्या सुमारास शाळेने सोनेरी माशांच्या दोन टाक्या आणल्या. हेडमास्तरांच्या खोलीतली माझ्याकडे, प्रयोगशाळेतली मामांकडे. माझ्या टाकीला नागपूरहून आणलेला विजेचा पंप होता. त्यांच्या टाकीवर टांगलेला माठ आणि सलाईनची नळी. रोज सकाळी मामा माठभर जुनं पाणी काढून टाकत आणि नवं पाणी नळीतून काचेच्या कडेने सोडत. ते दगडांमागून गोल फिरत राही. वीज गेली की माझा पंप बंद पडे आणि मासे वर येऊन तोंडं उघडत. मामांचा माठ चालूच असे.

मुलं त्यांच्याच टाकीपाशी गर्दी करत. पाहुणा आला की हेडमास्तरही त्याला तिकडेच नेत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. हे कुठे शिकलात, असं एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात. ज्या कोपऱ्यात पाणी हलत नाही तिथे वास सुटतो. आपण हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं, याचा मला जास्तच राग आला.

मार्चमध्ये पुतणीच्या लग्नासाठी मामा चार दिवस आपल्या गावी, कोंढ्याला गेले. टाकी माझ्या भरवशावर ठेवून गेले. पहिल्याच दिवशी मी नळीजवळचा मोठा दगड काचेला टेकवून ठेवला; कडेने फिरणारं पाणी तिथेच अडलं. नीटनेटकं दिसावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. एकदा तरी त्यांचं चुकावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मी पाहिलं आणि दगड तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी तीन मेले.

मामा परत आले, कोंडा टाकला, दगडाकडे बराच वेळ पाहत राहिले. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माहीच चूक झाली साहेब. जाताना गोटा नीट नाही ठेवला." हेडमास्तरांनी सर्वांदेखत त्यांना झापलं आणि तीही टाकी माझ्याकडे दिली.

व्हरांड्यात मामांनी मला गाठलं.

"सर, गोटा पहिले होता तिथंच ठेवा. बाकीच्या मासोळ्या वाचतीन."

आवाजात राग नव्हता. त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा हेवा वाटला तेवढा आजवर कुणाचा वाटलेला नाही.

दगड मी जागेवर ठेवला. उरलेले मासे जगले. मामा पुढच्या वर्षी रिटायर होऊन कोंढ्याला गेले आणि दोन पावसाळ्यांनी तिथेच वारले. शाळा तपासायला साहेब आले की हेडमास्तर मामांच्या त्या टाकीसमोर थांबत आणि सांगत, "ही आमच्या सरांची करामत."

मी हात जोडत असे.