फुगलेल्या पिंपातला आमरस

बळवंत सकपाळ पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि दिल्लीजवळच्या मानेसरला एका आमरसाच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून चिकटला. साताऱ्याकडच्या खेड्यातून आईला, ठकूबाईला, त्याने दिल्लीतल्या पालमच्या घरी आणलं, तेव्हा म्हातारीने गल्लीभर सांगून टाकलं, "माझा ल्योक लोकांना रस खाऊ घालतोय." बळवंतने तिला थांबवलं नाही. तिथेच चुकलं त्याचं.

कारण तो रस कसला असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? उन्हाळ्यात आंबे यायचे ते बाजाराने टाकलेले. कुजके, किडके, सालीसकट यंत्रात जायचे. अळ्या चाळणीला अडकायच्या, पण सगळ्याच अडकायच्या असं नाही. मग रस पिंपांत भरून ठेवायचा. हिवाळ्यापर्यंत काही पिंपं टम्म फुगत. झाकण काढलं की आंबूस भपका अंगावर येई आणि वर मेलेल्या चिलटांचा थर दिसे. पहिल्याच वर्षी बळवंतने असं एक पिंप ओतून द्यायला काढलं, तर मॅनेजर हसला. "हवालदार साहब, एसेन्स किसलिए है?" मग त्यात भोपळ्याचा गर, साखर, रंग आणि एसेन्स पडलं, आणि डब्यावर फळांनी लगडलेलं झाड. सरहद्दीवर छाती काढून उभा राहिलेला हा गडी, पण पेन्शनीत घर भागत नव्हतं. त्याने मान खाली घातली ती घातलीच. एवढं मात्र पाळलं, की तो डबा घरात आणायचा नाही.

या माघात ठकूबाई अंथरुणाला खिळली आणि तिने अन्न सोडलं. पेज थुंकून टाकली, दुधाला तोंड लावेना. डॉक्टरांनीही हात टेकले. "जे मागतील ते द्या," म्हणाले. तिने रस मागितला.

"माघात आंबा कुठून आणू, आई?"

"डब्यात असतोय की. जगाला देतोस, अन् मलाच न्हाई व्हय?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय? मुलाची जी एक गोष्ट ती गल्लीभर मिरवत होती, तीच सडकी निघाली म्हणून? बायकोलाही, अलकनंदालाही, त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. ती चिडली. "अहो, बिलकुल काही खात नाहीत त्या! एक डबा आणायला काय होतं तुम्हाला?"

त्याने डबा आणला. कुठल्या पिंपातला, हेही त्याला ठाऊक होतं. अलकनंदाने वाटी भरली. म्हातारी उशीला टेकून बसली आणि कितीतरी दिवसांनी चवीने खाऊ लागली. बळवंत दारात उभा होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती खातेय म्हणून बरंही वाटत होतं.

"हिकडं ये," ती म्हणाली. चमचा भरून तिने त्याच्या तोंडापाशी धरला. "मरमर राबतोस. तू बी खा."

इतक्या वर्षांत त्याने तो रस कधी जिभेला लावला नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि गिळला.

"ग्वाड हाय न्हवं?"

"आहे, आई."

वाटी संपवून ती शांत झोपली. अलकनंदाने डोळे पुसले. "उद्या दोन आणा," म्हणाली. बळवंत मोरीत गेला आणि भडाभडा ओकला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन आणले.