कागदात नसलेलं कलम

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आईला तर मुळीच नाही. आज सकाळी चहा ठेवला आणि एकदम वाटलं, आता लिहायचं, आत्ताच! चहा उतू गेला तो गेलाच, मी वही घेऊन बसलेय. तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या बाईला कसली एवढी घाई? पण तुम्हाला आपलं माणूस समजून सांगते— घाई आहे.

आणि आधीच सांगून टाकते, ही रडकथा नाही. निदान सुरुवात तरी नाही. त्या दिवसांचा विचार केला की मला आधी आनंदच आठवतो, अगदी उकळ्या फुटाव्यात तसा आनंद. हीच तर लाजेची गोष्ट आहे.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कराडच्या खाली, कृष्णेच्या वरच्या अंगाला तिचं सासर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, चार एकर जिराईत रान तिच्या नावावर. त्या रानात ती जोंधळा आणि भुईमूग करायची. माझं सातवीनंतरचं सगळं शिक्षण त्या शेंगांवर झालं— वडील गेले होते, आईजवळ काही नव्हतं. मी मास्तरीण झाले, सांगलीत शाळेत लागले, ती आत्तीमुळं. गावात कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘‘आमच्या सुमीला लिवता वाचता येतं.’’ जसं काही बाकी सगळा जिल्हा निरक्षर होता!

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ दत्तू, आमचा दादा, फौजेतून पेन्शन घेऊन आला आणि आत्तीकडंच राहून रान कसायला लागला. आत्तीला साठी उलटून गेली होती, गुडघे धरले होते. तिनं ठरवलं, रान आणि राहतं घर दत्तूच्या नावावर बक्षीसपत्र करून द्यायचं आणि त्यानं आपल्याला शेवटपर्यंत सांभाळायचं.

पण आत्ती काही भोळी नव्हती हो! तिच्याच आळीतल्या एका म्हातारीनं पुतण्याला रान लिहून दिलं आणि वर्षाच्या आत तिचं अंथरूण गोठ्यात गेलेलं आत्तीनं डोळ्यानं पाहिलं होतं. तिनं मला सांगलीहून बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि कच्चा मसुदा सांगितला. अजून तिचा आवाज कानात आहे. ‘‘लिव. मी जित्ती हाय तवर म्होरली खोली माजी. खानंपिनं, दुखलंखुपलं दत्तूनं बगायचं. न्हाई बगितलं, तर रान म्हागारी माज्या नावावर. लिवलंस? वाच बरं.’’ मी वाचलं. तिनं तीनदा वाचून घेतलं. मग मी ते कागदाच्या भाषेत बसवलं— ‘लिहून देणार हिच्या तहहयात तिचे अन्नवस्त्र, औषधपाणी लिहून घेणार याने करावयाचे असून दर्शनी खोलीचा ताबा तिच्याकडेच राहील, यात कसूर झाल्यास सदर मिळकत तिचे मालकीत परत येईल.’ कसं वाटतंय? मला फार आवडलं होतं. तेवीस वर्षांची होते, आणि वकिलासारखं वाक्य लिहिलं होतं मी!

आता खरी धांदल ऐका. आठवड्याभरात दादा सांगलीला माझ्या शाळेवर आला, मधल्या सुट्टीत. सायकल भाड्यानं घेऊन आला होता, घामानं भिजलेला, डोळे लखलखत होते. नदीवर मोटारी बसवून पाणी वर चढवायची सामाईक योजना मंजूर झाली होती. पाइपलाइन आत्तीच्या बांधावरून जाणार होती! चार एकर भिजणार होतं. ऊस होणार होता, कारखान्याचं सभासदत्व मिळणार होतं. ‘‘सुमे, पानी येतंय गं, पानी!’’ असं तो शाळेच्या फाटकात ओरडला आणि माझी मुलं खिडकीतून बघायला लागली. मीसुद्धा नाचायची बाकी होते.

मग तो हळूच म्हणाला, एक अडचण आहे. बँकेचा माणूस म्हणाला होता, जमिनीवर असली अट असेल तर कर्ज बसत नाही. परत जाऊ शकणारी जमीन बँकेला नको. आणि यादी महिनाअखेर बंद होणार होती. ज्यांचे कागद पुरे, त्यांचीच नावं. तेव्हा ते एक कलम तेवढं—

आत्तीला सांगू या, मी म्हटलं. म्हटलं होतं का? हो, म्हटलं होतं, पण कसं? दुकानात भाव विचारून पुढं जातो ना आपण, तसं. दादा म्हणाला, ती घाबरेल, अडून बसेल, यादी निघून जाईल. मी काय तिला टाकणार आहे का? कर्ज फिटलं की पुन्हा लिहू. तू फक्त नेहमीसारखं वाच.

तू फक्त वाच. एवढंच होतं काम.

आमच्याकडं रीत अशी की अंगठा लावणाऱ्याला कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. तसं शेवटी लिहिलेलंच असतं, ‘वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.’ तालुक्याच्या गावी रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर झाडाखाली कागद लिहिणारे बसायचे. आमच्या लिहिणाऱ्यानं घसा खाकरून वाचायला घेतलं तर आत्तीनं हात आडवा केला. ‘‘तुमी नगं. माजी पोरगी वाचंल.’’ त्यानं कागद माझ्याकडं दिला. लोक बघत होते. आत्तीनं नवं इरकली लुगडं नेसलं होतं, दादानं फौजेतला कोट चढवला होता, आणि मी वर्गात वाचते तशी, जिथं थांबायचं तिथं थांबत, सुरू झाले.

चतुःसीमा वाचली. गट नंबर वाचला. कलम यायच्या जागी आले. तिथं ते नव्हतं. माहीतच होतं. आत्तीनं बोट वर केलं— ‘‘आता त्ये वाच.’’

आणि मी वाचलं. तहहयात, अन्नवस्त्र, औषधपाणी, दर्शनी खोली, कसूर झाल्यास. एक अक्षर अडलं नाही. कागदावर नजर ठेवून, बोट ओळीवरून सरकवत— कोऱ्या भागावरून नव्हे हो, दुसऱ्याच कुठल्या तरी ओळीवरून— मी ते सगळं म्हटलं. आणि काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मजा वाटली! काय सफाईनं जमलं, असं वाटलं. लिहिणाऱ्यानं मान खाली घातली आणि पेनाचं टोपण लावलं. दादा रस्त्यावरच्या एस.टी.कडं बघत होता. आत्ती मात्र माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि शेवटच्या शब्दाला तिनं अशी मान हलवली की आता मरायला मोकळी.

आत साहेबांनी विचारलं, ‘‘वाचून दाखवलं का आजी?’’ आत्ती म्हणाली, ‘‘व्हय साहेब. माज्या सुमीनं वाचलंय.’’ अंगठा लावला. येताना तिनंच सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पुढची चार वर्षं म्हणजे नुसता जल्लोष. पाणी आलं त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. पाइपाच्या तोंडातून आधी हवा निघाली, मग गढूळ पिचकारी, मग धो धो! आत्तीनं नारळ फोडला आणि लुगडं धरून त्या पाण्यात उभी राहिली, गुडघे विसरून. पहिला ऊस कारखान्याला गेला तेव्हा दादानं बैलगाडी पताका लावून सजवली. दिवाळीला सभासदाची साखर माझ्याकडंही यायची. आत्ती दर्शनी खोलीत उंबऱ्याशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. बघा, मी स्वतःला म्हणायचे, कुणाचं काय बिघडलं? कर्ज फिटत होतं. कलम पुन्हा लिहायची गोष्ट दादानं काढली नाही. मीही काढली नाही.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती चूक. नाही. ही तर मी पचवली असती. थांबा जरा.

दादाला रस्त्याकडच्या त्या दर्शनी खोलीत खताचं दुकान टाकायचं होतं. डोकं चालायचं त्याचं, आणि तेही दिवस तसेच होते, ज्याला त्याला काहीतरी नवं करायचं होतं. आत्तीची सोय रानातल्या इंजिनघराशेजारी, पत्र्याच्या खोलीत करायची असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, आमच्या वैनीनं ठरवलं. आत्तीनं मला बोलावून घेतलं. तिच्या चुलत दिरांना, तात्यांनाही बोलावलं. ती जराही चिडलेली नव्हती. मला वाटलं होतं आदळआपट करत असेल, तर ती सगळ्यांना गूळपाणी देत होती. तिला खात्री होती ना! ट्रंकेतून तिनं कागदाची नक्कल काढली आणि म्हणाली, ‘‘भांडायचं कशाला? लिवलेलं हाय.’’

तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आत्तीला म्हणाले, ‘‘न्हाई बा वैनी. आसलं कायबी न्हाई ह्यात.’’

आत्ती हसली. ‘‘तुमचा चष्मा जुना झालाय. द्या हिकडं. सुमे, वाच गं.’’

कागद माझ्या हातात आला. दादा, वैनी, तात्या, सगळे माझ्याकडं बघत होते. आणि आत्ती. मला तेव्हा काय करता आलं असतं, हे सांगायलाच नको. एक वाक्य होतं: आत्ती, मी खोटं वाचलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर दादाची मान खाली गेली असती, तात्यांनी पुढचं बघितलं असतं, खोली राहिली असती. पण मग मी कोण ठरले असते? लिहितावाचता येणारी सुमी ती हीच का? मी कागदावर बराच वेळ बघत राहिले, खरंच शोधतेय असं दाखवत. मग म्हणाले, ‘‘आत्ती, ह्यात तसलं काय न्हाई गं. तू घरी बोलली हुतीस. कागदात नव्हतं. तुजा गोंधळ हुतोय.’’

तुजा गोंधळ हुतोय. हे बोलले मी. हेच सांगायचं होतं.

आत्ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, रजिस्ट्रीच्या दिवशी बघत होती तशीच. ‘‘आसं व्हय? मग मला आयकू आलं ते?’’ मी कागदाची घडी घालायला लागले. मग तीच म्हणाली, ‘‘आसंल बाई. डोस्कं गेलं म्हनायचं आता.’’ आणि पुन्हा हसली— आपणच चुकलो म्हणून सगळ्यांची माफी मागावी तशी.

आठवड्यात ती पत्र्याच्या खोलीत गेली. दादानं तिला उपाशी ठेवलं नाही, वैनीही वाईट बाई नव्हती. भाकरी यायची, कधी वेळेवर, कधी उन्हं कलल्यावर. पण ऊस डोक्याच्या वर वाढला की तिथून मारलेली हाक घराला ऐकू यायची नाही. एकदा ती तीन दिवस तापानं पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

पण तुम्हाला खरं सांगू? खोलीपेक्षा दुसरंच काहीतरी गेलं होतं. आत्तीची स्मरणशक्ती लख्ख होती. कुठल्या साली कुठल्या तुकड्यात किती पोती शेंगा झाल्या हे ती झोपेतून उठून सांगायची. आता तेच सांगायची आणि पुढं म्हणायची, ‘‘खरं का गं? का मला आपलं वाटतंय?’’ मीठ घातलं का, हे वैनीला विचारायची. आपण जेवलो का, हेही. बरोबर असायचं सगळं. तिचा विश्वास तेवढा राहिला नव्हता. चार एकराचा कारभार एकटीनं केलेली बाई आपल्याच डोक्याला घाबरायला लागली. आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, तिचे पाय चेपायचे, पेढे न्यायचे, आणि गप्प बसायचे.

शेवटची गेले तेव्हा ती अंथरुणालाच होती. आळीतली एक बाई उसातून वाट काढत तिला भेटायला आली होती. बसली, पत्र्याकडं बघितलं, आणि न राहवून म्हणाली, ‘‘आवं काकू, रान देताना कागदात कायबी लिवून घेतलं न्हाई व्हय?’’

आत्तीनं मान फिरवली. ‘‘मला इचारू नगंस. माजं डोस्कं धड न्हाई. सुमीला इचार.’’

बाईनं माझ्याकडं बघितलं. तिथं दादा नव्हता, वैनी नव्हती, तात्या नव्हते. कुणीच नव्हतं. मी म्हणाले, ‘‘न्हाई. नव्हतं घेतलं.’’

‘‘बग,’’ आत्ती त्या बाईला म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता, ‘‘आमच्या सुमीला समदं बरूबर आठवतंय.’’