म्हणजेबाई

त्या घरात हनुवटीने बोलायची पद्धत होती. आक्का, म्हणजे सासूबाई, हनुवटी कोपऱ्याकडे उडवून "ते आण गं" म्हणायच्या आणि घरातलं कोणीही बरोबर तेच आणायचं. धाकटी सून नवी नवरी होती तेव्हा आक्कांना हवी होती कात्री, आणि ही बिचारी घेऊन आली फुलदाणी. सगळे पोट धरून हसले. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला: विचारल्याशिवाय जागचं हलायचं नाही. "म्हणजे कुठलं?" "म्हणजे नक्की कधी?" झालं, घराने तिचं नाव म्हणजेबाई ठेवून दिलं. राग यायचा तिला, पण खोड काही जाईना.

आक्कांचं दुकान होतं चाकाच्या खुर्च्या, वॉकर आणि कुबड्या भाड्याने देण्याचं. गिऱ्हाईक दारातून आत येतानाची चाल बघूनच आक्का त्याला कुठली काठी लागेल ते ओळखायच्या. आणि स्वतःचे गुडघे? त्यांचं पार भुसकट झालेलं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि आक्कांचं एकच पालुपद: "मी आडवी झाले तर दुकान कोण बघणार?" गावाला चालतं करणारी ही बाई घरात भिंत धरून चालायची.

शेवटी तिच्या नवऱ्याने तोड काढली. दुकानाच्या फोनवर आलेले निरोप वाचून स्वतःच कामाला लागणारा एआय एजंट त्याने बसवला. एजंटाच्या हातात तीन कामं दिली: साठा बघा, राखून ठेवा, पाठवा. या कामांना म्हणायचं टूल. प्रत्येक टूलखाली वर्णन लिहायचं, आणि त्या टूलबद्दल एजंटाला कळणार ते तेवढंच. आक्कांनी वर्णन सांगितलं, "पाठवा: सामान पाठवण्यासाठी. आणखी काय लिहायचंय? शहाण्याला शब्दाचा मार." आठवडा नीट गेला तर ऑपरेशनची तारीख घेईन, असंही त्यांनी कबूल केलं.

दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त मास्तरांनी निरोप टाकला, "चाकाची खुर्ची मिळेल का?" एजंटाने खुर्ची पाठवली. "अहो, नुसतं विचारतोय." दुसरी गेली. "मिळते की नाही, तेवढंच सांगा." तिसरी गेली. टेम्पोवालाही याच दुकानात मुरलेला, तो कशाला विचारतोय? संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. "खुर्च्या झकास आहेत हो, पण मला बूड एकच आहे."

आक्का म्हणाल्या, "बघितलंत? मी कुठेही जात नाही."

"मठ्ठ आहे मेला," नवरा एजंटावर करवादला.

"मठ्ठ नाही," म्हणजेबाई म्हणाली. "नवा आहे. त्याला तुमची हनुवटी दिसत नाही."

मग स्टूल ओढून ती आक्कांसमोर ठाण मांडून बसली. "पाठवायचं म्हणजे केव्हा?"

"गिऱ्हाईक पाठवा म्हणालं की."

"आणि नुसती चौकशी केली तर?"

"तर साठा बघून सांगायचं. एवढंही कळत नाही?"

"केव्हा अजिबात पाठवायचं नाही?"

"उंची ठाऊक नसताना. आखूड वॉकर गेला तर माणूस वाकून वाकून पाठीचं वाटोळं करून घेईल."

"हे त्याला कोण सांगणार?"

आक्का हळूच म्हणाल्या, "तुला तरी मी कुठे कधी सांगितलं?"

म्हणजेबाईने मान खाली घालून लिहायला घेतलं: "पाठवा: हे वापरलं की टेम्पो लगेच निघतो. गिऱ्हाइकाने पाठवा असं स्पष्ट सांगितल्यावरच वापरा. चौकशीसाठी 'साठा बघा' वापरा. वस्तू कुठली, कोणासाठी, त्या माणसाची उंची आणि पत्ता, यातलं एकही ठाऊक नसेल तर अंदाज बांधू नका. विचारा."

त्यानंतरचा आठवडा बिनबोभाट गेला. मास्तरांनी हौसेने आणखी चार आडवेतिडवे प्रश्न टाकून बघितले, पण एक खुर्ची हलली नाही. आक्का दिलेल्या शब्दाला जागल्या. ऑपरेशन झालं, छान झालं, आणि पलंगावर उठून बसल्या बसल्या त्यांचा दुकानाच्या फोनवर निरोप आला: "ते पाठव."

एजंटाने विचारलं, "म्हणजे नक्की काय पाठवू? कोणासाठी? उंची किती?"

दुकानात नवरा-बायको श्वास रोखून फोनकडे बघत राहिले. आक्का भडकणार, यात शंकाच नव्हती. पण उत्तर आलं, "वॉकर. मलाच. उंची पाच फूट. हॉस्पिटल, दुसरा मजला." खाली आणखी एक ओळ: "आणि घरचं माणूस पाठव."

"माणूस पाठवायचं टूल माझ्याकडे नाही," एजंटाने कळवलं. "निरोप देतो. कोणाला देऊ?"

"म्हणजेबाईला. तीच हवी."

टेम्पोवाल्याने वॉकर मागे चढवला, तोवर ती पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती.