बाईंच्या पाठावर मंत्री

जुनी व्हिडिओ टेप लावण्याआधी ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजावी लागते, नाहीतर ती यंत्रात चिकटते. प्रसारण केंद्रात भाजून ठेवलेल्या त्या टेपवर विज्ञानाच्या बाई होत्या. आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नव्हता. आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो, तो टीव्हीवरच्या या बाईंमुळे. त्यांचा एवढा एकच पाठ उरलाय, असं कळल्यावर मी धावत आलो होतो.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग फळा, मग बाईंचा हात. “मुलांनो, आता नीट बघा,” एवढं त्या म्हणाल्या आणि चित्र तुटलं. पुढे एक मंत्री फीत कापत होते.

“टेप महाग होती तेव्हा,” शेजारी बसलेले केंद्राचे निवृत्त अधिकारी म्हणाले. “पुसून परत वापरायची पद्धतच होती हो.”

“मग मंत्र्यांना पुसून बाईंना का नाही घेतलं कधी?”

ते हसले. “तुम्ही पण ना, साहेब!”

त्या हसण्याची मला चीड आली. टेप महाग होती, हे खरंच. पण कोणाला पुसायचं, याचा विचार करायला या माणसांना क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं. ज्यांच्या घरी शिकवायला दुसरं कोणी होतं, त्यांना बाई पुसणं सोपंच होतं.

पडद्यावर टाळ्या संपत नव्हत्या. मी उठलो आणि कोणालाही न विचारता यंत्र बंद केलं.