चुलीपुढून झेललेला धवला

आम्ही मिठागरावर राबणारी आगरी माणसं. आमच्या लग्नात भटजीचं एवढं कौतुक नसे. धवले म्हणजे लग्नाची गाणी, ती गाणारी धवलारीण आल्याशिवाय मात्र हळदसुद्धा लागत नसे. तिने ओळ गायची, दुसरीने ती झेलून पुढची म्हणायची. सुरू केलेला धवला मध्येच सोडला तर नवरीचा संसार अर्धा राहतो म्हणत. सोडायची कोणाची छाती?

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील, माझं लग्न ठरलं. वडील आधीच गेलेले. आईइतके धवले गावात कोणालाच येत नव्हते, पण विधवा बाई मांडवात कशी येणार? काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, गोडीगुलाबीने म्हणाले, "वयनी, तुम्ही आतलं बघा." गोडीगुलाबी कसली, हुकूमच तो! आई मुकाट चुलीपुढे बसली. इकडे हळदीच्या पाटावर माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. जन्म दिलेल्या बाईची हळद नको, मग कोणाची हवी? माझा नुसता संताप होत होता.

गावची धवलारीण आजारी, म्हणून कोळीवाड्यातली एक म्हातारी आणली होती. 'आता कोळीण गाणार आपल्या मांडवात?' म्हणून नाकं मुरडून झाली. पण गाणी तीच, चालही तीच. झेलायला आमच्यातलीच एक बाई बसली होती. चार ओळी गेल्या आणि ती अडखळली. पुढचं काही केल्या आठवेना.

आणि आतून आईचा आवाज आला. सवयच ती! म्हातारीने ओळ टाकली आणि आईच्या तोंडून पुढची आपोआप निघाली.

काका तरातरा आत निघाले. म्हातारी कडाडली, "गप करतोस काय रं तिला? पोरीचा संसार अर्धा ठेवायचा हाय? भाईर आन तिला. मना म्हातारीला चुलीतलं ऐकू येत नाय!"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. आई बाहेर आली, पदर सावरून बसली आणि धवला पुरा झाला. मग म्हातारीने हळदीची वाटी तिच्यापुढे केली. आईने वाटीत बोटं बुडवली. माझ्या गालावर हळद कमी आणि तिची आसवंच जास्त लागली असतील, पण मी सुखाने रडले.

पुढे कोळीवाड्यातूनही आईला बोलावणी येऊ लागली. आमच्या गावातल्या दुसऱ्या विधवा बायकाही मांडवाच्या कडेला येऊन बसायला लागल्या. कुरकुर झाली, नाही असं नाही.

काही वर्षांनी काकांच्या मुलीचं लग्न निघालं. काका दारात उभे. "वयनी, पहिली हळद तुम्ही लावायची."

आई म्हणाली, "पोरीला विचारलंत का, भावजी?"

"तिनंच पाठवलंय," काका म्हणाले. "तुम्ही आल्याबिगर पाटावर बसत नाय म्हनते."